जिती जनावरं पाळणारी आत्ती

आत्ती म्हशींशी कुजबुजल्यासारखी बोलायची आणि माणसांशी मात्र वेशीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "म्हशीला लांबचंबी ऐकू येतंय. माणसाला जवळचंबी येत न्हाय," असं त्याचं कारण ती सांगे.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी, निपाणीजवळच्या आमच्या गावी, परत आली. आजोबांनी तिला ओढ्याकाठचा खडकाळ तुकडा दिला. आमची वस्ती तोवर बौद्ध झाली होती आणि गावची मेलेली जनावरं ओढायचं काम आम्ही सोडलं होतं. गावाला ते रुचलं नव्हतं. वस्तीतली शहाणी माणसं म्हणत, आता जरा दमानं घ्या. आत्ती म्हणाली, "मेलेली लई वढली. आता जिती पाळायची."

शेजारच्या गावातल्या एका जैन शेतकऱ्याकडून तिनं म्हशीची रेडी अर्धलीनं आणली. म्हणजे पाळायची आत्तीनं, आणि व्याल्यावर निम्मा वाटा मालकाचा. रेडी कानडी घरातली. 'बा, बा', म्हणजे 'ये, ये', म्हटल्याशिवाय जागची हलत नसे, म्हणून आत्तीही तिच्याशी कानडीतच बोले. सीमेचा वाद तापलेला होता. मराठी गोठ्यात कानडी कशाला, असं कुणीतरी टोकलंच. आत्ती म्हणाली, "तिला कुठं मत द्याचं हाय?"

त्या तुकड्यावर तिनं बांधाला शेवरी लावली, ओढ्याच्या अंगाला गवत, वरच्या बाजूला जोंधळा. दावणीतलं शेण रानात आणि रानातला कडबा दावणीत. गावात सरकारी खताची पोती येऊ लागली, तिनं एकही घेतलं नाही. "ज्येला गोठा न्हाय त्येनं पोतं आणावं," म्हणायची. हळूहळू खडकावर माती धरली. रेडीची म्हैस झाली, तिच्या पोटच्या दोघी वाढल्या.

दूध झालं तशी ती किटली घेऊन गावच्या दूध संस्थेत गेली. सेक्रेटरी खाली बघत म्हणाला, "तुमच्या घरचं दूध सगळ्यांच्यात वतलं तर लोक आपलं आणायचं बंद करतील." आत्तीनं किटली उचलली, निपाणीला गेली आणि तंबाखूच्या वखारीतल्या बायकांना दूध विकून आली. त्यांनी चव घेऊन रोज आणायला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी निपाणीची वाट धरण्याआधी आत्ती पुन्हा संस्थेच्या रांगेत उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. गिऱ्हाईक मिळालंय, मग रोज अपमान कशाला करून घेतेस, असं वडील चिडून म्हणाले.

"अपमान माझा न्हवं, त्येंचा हुतोय. रोज न्हाय म्हणायला लागलं पायजे त्यास्नी. एक दिवस तोंड दुखंल."

त्याच सुमारास मळ्याच्या आप्पांचा बैल मेला. आप्पा गावातले मोठे शेतकरी. ते स्वतः आमच्या दारात आले आणि वडिलांना म्हणाले, "शंकर, एवढ्या खेपंला तरी चल रं. बैल फुगाय लागलाय." आप्पांच्या रानात आमची अर्धी वस्ती मजुरीला जायची. वडील काही बोलायच्या आत आत्तीनं भिंतीला टेकलेली कुदळ आणून आप्पांच्या पुढ्यात ठेवली.

"कुदळ माझी न्या, आप्पा. हात तुमचं लावा."

आप्पांनी ती उचलली आणि ते गेले. दुपारी ते आणि त्यांचा लेक बांधाखाली खणत होते. आत्ती जाऊन बांधावर उभी राहिली आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "आनखी खोल घ्या. कुत्री उकरत्यात." पुढं महिनाभर आमच्या वस्तीतल्या कुणालाच मळ्यात काम मिळालं नाही. बायका आत्तीवर चिडल्या. ती प्रत्येकीच्या घरी ताक पोचवत राहिली, पण चुकलं असं एकीलाही म्हणाली नाही. सुगी आली तेव्हा आप्पांनाच माणसं बोलवावी लागली.

एका उन्हाळ्यात गावातल्या म्हशी आटल्या; ओढ्याकाठच्या गवतावर आत्तीच्या तेवढ्या दूध देत होत्या. दूध एवढं कमी झालं, की संकलनाची गाडी बंद करायची भाषा सुरू झाली. मग सेक्रेटरी आमच्या दारात आला. "आक्का, उद्यापासनं आणा. तुमची घागर येगळी ठेवतो."

"येगळी घागर तुज्या घरात ठेव," आत्ती म्हणाली. "माजं दूध सगळ्यांच्यात पडंल, न्हायतर निपाणी हायच मला."

दुसऱ्या सकाळी तिनं रांगेतल्या सगळ्यांच्या देखत मोठ्या घागरीत दूध ओतलं. तिघं-चौघं आपली भांडी घेऊन घरी परतले. आठवड्याच्या आत तेही आले. म्हशीची धार कुणाच्या सोवळ्यासाठी थांबत नाही.

मी बेळगावात नर्स झाले, उद्यमबागेजवळ खोली घेतली. आत्तीला धाप लागायला लागली तेव्हा चार दिवस माझ्याकडं राहा म्हणून मागं लागले. ती आली नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, सकाळची धार काढून झाल्यावर, ती गोठ्यातच वारली.

तिसऱ्या दिवशी गावातले दोघंजण म्हशी मागायला आले. "आता कोण सांभाळणार? देऊन टाका." माझ्या आईनं जन्मात कधी परक्या पुरुषापुढं तोंड उघडलं नव्हतं. ती उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "दावणीला माणूस हाय."

संध्याकाळी आई धारेला बसली. म्हशीनं पान्हा चोरला, मग लाथ झाडून चरवी उडवली. आईनं चरवी धुतली, पदर खोचला आणि पुन्हा खाली बसली.