कढईवर टांगलेला मासा

"घाई कुणाला आहे?" हे ओव्हीद कोर्मियेचं पालुपद. जेवायला हाक मारा, चर्चची घंटा वाजू दे, गाय गोठ्यातून सुटू दे. पाइपात तंबाखू दाबत तो हेच म्हणायचा. लिओंतीनशी लग्न करायलाही असाच सावकाश आला आणि बोसच्या टेकड्यांत, सासुरवाडीच्या गावातच राहिला. समुद्रकाठचा माणूस. माशांचं सगळं कळायचं, झाडांचं काही नाही.

लिओंतीनचा भाऊ आदेलार. मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करायच्या त्याच्या गुऱ्हाळात ओव्हीदनं लाकडं फोडायची. कढईपाशी मात्र यायचं नाही. "दाजी, तुम्ही लांबच बरे. क्षणभर नजर हलली की पाक जळतो." लिओंतीन हसायची. पण सरपणाच्या ढिगाआडून नवरा कढईकडे कसा बघतो, ते तिला दिसायचं.

यंदा रात्री गोठून दिवसा वितळायला लागलं, झाडांतून रस वाहायचा हंगाम आला, तशी ओव्हीदनं घरामागच्या मेपलांना भोकं पाडली, नळ्या ठोकल्या, बादल्या अडकवल्या. "ईस्टरला माझा पाक खायचा सगळ्यांनी," त्यानं जाहीर केलं.

पहिला रस स्वयंपाकघरात आटवला. दिवसभर वाफ कोंडली आणि संध्याकाळी भिंतीवरचा गुलाबांचा कागद सुटून लोंबायला लागला.

"अहो, भिंतीला घाम फोडलात! आधी अंगणात व्हा!"

अंगणात चूल मांडली. आदेलारच्या कढईवर काहीतरी खारवलेलं दोरीला टांगलेलं असतं, फेस त्याला शिवला की खाली बसतो, एवढं ओव्हीदनं ढिगाआडून हेरलं होतं. त्याच्या माहेरच्या किनाऱ्यावर खारवलेलं म्हणजे एकच. त्यानं मासा टांगला. कढईवर लागते खारवलेली डुकराची चरबी! फेस माशाला आंघोळ घालून वर चढला, कढई उतू गेली, आणि तळाशी उरलेल्या पाकाला बंदराचा वास.

"दाजी, सोबत बटाटे उकडू का?" आदेलारनं कुंपणावरून विचारलं. गाव आठवडाभर हसलं.

त्यानंतर ओव्हीद चुलीपासून हलेना. जेवायला बोलावलं तर म्हणाला, "थांब, लागेल खाली." लिओंतीननं ताट अंगणातच नेलं.

"घाई कुणाला आहे?" तिनं चिमटा काढला.

तो हसला नाही. तेव्हापासून तिनंही हसणं आवरलं.

ईस्टरला सगळे आदेलारच्या गुऱ्हाळाबाहेर जमले. ओव्हीदनं आपला पाक तापवून दाट केला आणि स्वच्छ बर्फावर ओतला. आदेलारनं तो गारठून चिवट झालेला पाक काडीवर गुंडाळला, मुद्दाम लांबून हुंगला, तोंडात घातला. लिओंतीन भावाच्या जबड्याकडे बघत होती. त्यानं दुसरी काडी घेतली. मग तिसरी.

"मासा जरा कमी पडला," तो म्हणाला.

सगळे खदखदले. आदेलार काडी चोखत, कुणाकडेच न बघता पुढे म्हणाला, "दाजी, आत कढईपाशी कुणी नाहीये."

ओव्हीदनं पेटता पाइप तसाच खिशात कोंबला आणि गुडघाभर बर्फातून धडपडत, जवळजवळ पळतच, गुऱ्हाळातल्या वाफेत शिरला. पाकाची काडी हातात तशीच धरून लिओंतीन दाराकडे बघत राहिली.