भेग बुजवायची नाही

माझ्या काकाला सगळे मिस्त्री म्हणत. काचेच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्याने भट्ट्या बांधल्या आणि दुरुस्त केल्या. लग्न केलं नाही. "दिवसभर भट्टीची धग सोसायची आणि घरी येऊन बायकोची?" असं म्हणायचा, आणि कुणी हसलं नाही की स्वतःच हसायचा. कारखाना सोडल्यावर घरामागच्या शेडमध्ये तो कोळशाच्या मोठ्या शेगड्या बनवू लागला. कमरेएवढ्या उंच, रांजणासारख्या फुगीर, चार बोटं जाड मातीच्या भिंती, वर घुमटासारखं जड झाकण. खाली हवा घ्यायला सरकती खिडकी, वर धूर सोडायला लोखंडी टोपी. अशी शेगडी एकदा तापली की चार मुठी कोळशावर दुपार निघते.

त्यातली पहिली त्याने नोकरीत असतानाच, सुट्टीच्या दिवसांत, माझ्या वडिलांसाठी बनवली होती. बस डेपोच्या मागच्या गल्लीत आमचं खाण्याचं दुकान. आत चार टेबलं, बाहेर दोन. वडील त्या शेगडीवर कोंबडी, मासे, कांदे, बटाटे भाजायचे. एकोणीस वर्षं ती रोज पेटली. वडील गेल्यावर आईने दुकान बंद केलं ते फक्त बारा दिवस. तेराव्या दिवशी सकाळी तिने त्यांचा ॲप्रन दोरी आवळून कमरेला बांधला आणि कोळसे लावले. मी नोंदणी कचेरीत टायपिंग करते. सुट्टीच्या दिवशी तिच्या हाताखाली असते.

वडिलांना जाऊन दोन वर्षं होत आली तेव्हा शेगडीच्या पोटाला भेग पडली. आधी केसाएवढी. आईने तार गुंडाळली. मग भेगेतून आतला लाल उजेड दिसू लागला, तेव्हा तिने काकाला बोलावलं.

काका सकाळी लवकर, शेगडी थंड असताना आला. आत हात घालून त्याने भिंत चाचपली, बोटाच्या सांध्याने ठोकली आणि कान लावला. आवाज फुटक्या मडक्यासारखा आला. आतलं कोळशाचं भांडं तीन ठिकाणी तडकलं होतं, झाकणाखालची नमद्याची, जाड दाबलेल्या लोकरीची, पट्टी जळून गेली होती.

"वहिनी, ही आता संपली."

"संपली म्हणजे? चांगली तापतेय की."

"तापतेय तीच तर भीती आहे."

"अहो भाऊजी, एवढी भेग बुजवायला तुम्हाला किती वेळ लागतो? कारखान्यात घराएवढ्या भट्ट्या बुजवल्यात तुम्ही."

काकाचा चेहरा एकदम उतरला. "भेगा मी बुजवत नाही," तो म्हणाला. "नवी करून देतो. दोन महिने द्या."

"नवी नकोय मला. ह्यांचे हात लागलेत हिला. तुम्हाला नाही कळायचं ते."

शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. काका चहा न घेताच निघून गेला. आई दिवसभर भांडी आपटत होती. दुसऱ्या दिवशी तिने फरशा बसवणाऱ्या एका माणसाला गाठलं. त्याने भेगेत सिमेंट भरलं, वरून लोखंडी पट्टा आवळला आणि "आता दहा वर्षं बघायला नको" असं सांगून गेला.

विसाव्या दिवशी, भर दुपारी, सहाही टेबलं भरलेली असताना शेगडीचं पोट फुटलं. मी आत मासे धुत होते. मोठा आवाज नाही झाला. ओल्या मातीत पाय रुतावा तसा दबका आवाज आला, आणि मागोमाग आईची किंकाळी. भिंतीचा परातीएवढा तुकडा सुटून खाली पडला होता आणि निखारे फरशीवर वाहत आले होते. तिची चप्पल वितळून पायाला चिकटली होती. मी तिला ओढून बाहेर नेलं, एका गिऱ्हाइकाने वाळूची बादली निखाऱ्यांवर ओतली. डॉक्टरांनी पाऊल बांधलं. तीन आठवडे टेकवायचं नाही, म्हणाले.

संध्याकाळी काका घरी आला. "मी सांगितलं नव्हतं का" असं तो म्हणणार म्हणून आई तोंड घट्ट मिटून, तयारीत बसली होती. पण त्याने तिच्या पावलाच्या पट्टीकडे पाहिलं आणि भिंतीला पाठ टेकून मटकन खालीच बसला.

"माझं चुकलं वहिनी," तो म्हणाला. "नाही म्हणून निघून गेलो. का नाही, ते सांगायला हवं होतं."

मग त्याने जे सांगितलं ते आमच्या घरात कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी कारखान्यातल्या मोठ्या भट्टीची कमान, म्हणजे तिचं विटांचं छत, खचत चाललं होतं. काकाने वर चढून पाहिलं. विटा आतून झिजून निम्म्या झाल्या होत्या. भट्टी थंड करून कमान नवीन बांधायला हवी, असं तो वरच्या इंजिनिअरला म्हणाला. इंजिनिअर म्हणाला, मोठं काम हातात आहे, एवढा हंगाम जाऊ दे, तू बाहेरून माती भर. काकाने भरली. एकदा नाही, तीन वेळा. तिसऱ्या वेळी माती भरताना त्याला खालची वीट हलताना जाणवली. तो खाली उतरला, हात धुतले आणि वहीत लिहिलं, 'दुरुस्ती पूर्ण'.

"का लिहिलंत?" आईने विचारलं.

"लिहायची सवय होती. दरवेळी भट्टी टिकायची. वाटलं, ह्याही वेळी टिकेल."

चौथ्या दिवशी कमान बसली. धुराड्याच्या झडपेवर तेव्हा जो कामगार होता त्याला सगळे शिडी म्हणत, कारण तो इतका उंच की दिवा बदलायला त्यालाच हाक मारायचे. त्याचा डावा डोळा गेला, तोंडाची एक बाजू आणि उजवा हात भाजला. चौकशी झाली. अहवालात आलं की झडप वेळेआधी फिरवल्यामुळे उष्णता कोंडली आणि कमान पडली, चूक कामगाराची. काकाला कुणी काही विचारलं नाही. वहीत 'दुरुस्ती पूर्ण' असंच होतं. त्याने सहा महिन्यांनी नोकरी सोडली, आणि त्यानंतर कुठलीही भेग बुजवली नाही.

आई म्हणाली, "त्याला हे माहीत आहे?"

"नाही."

"कुठे असतो तो?"

"इथेच. नदीपलीकडे. दोनदा बाजारात दिसला. मी गल्ली बदलली."

"मग माझी शेगडी राहू दे भाऊजी. आधी तिकडे जा."

काकाने माझ्याकडे पाहिलं. "तू येशील? एकट्याचे पाय निघायचे नाहीत."

रविवारी आम्ही गेलो. दुसऱ्या मजल्यावर लांब सामाईक गॅलरी, शेवटचं दार. दार शिडीनेच उघडलं. चौकटीखाली तो सवयीने वाकला. उजव्या डोळ्याने त्याने काकाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मिस्त्री? मेलो की आहे ते बघायला आलास?"

"सांगायचंय काहीतरी."

"अकरा वर्षांनी?"

"हो."

आत त्याची मुलगी कपडे इस्त्री करत होती. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या. मी बसले; काका उभाच राहिला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. इंजिनिअरचं नाव पुढे करून त्याने स्वतःचं काही झाकलं नाही. हललेल्या विटेचंही सांगितलं. मुलीने मध्येच इस्त्रीचं बटण बंद केलं.

शिडी म्हणाला, "म्हणजे झडप मी बरोबर वेळी फिरवली होती."

"हो."

"पुन्हा म्हण."

"झडप तू बरोबर वेळी फिरवली होतीस. कमान आधीच गेली होती. आणि मला ते माहीत होतं."

शिडी खाटेवर बसला. भाजलेल्या हाताची बोटं त्याने दुसऱ्या हातात धरली. "अकरा वर्षं रोज ती झडप फिरवतोय मी," तो म्हणाला. "झोपेत. कधी आधी फिरवतो, कधी उशिरा. शेवटी मलाच वाटायला लागलं, चुकलोच असेन. माझा सख्खा मेहुणा म्हणायचा, तुला कामावर डुलकी लागली. मी त्याला काय सांगणार?"

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"माफ कर म्हणायला नाही आलो," काका म्हणाला.

"बरं केलंस. करणार नव्हतोच." शिडीचा आवाज चढला नव्हता. "मला लिहून हवंय. हे आत्ता बोललास ते सगळं. सहीनिशी."

"देतो."

"आणि आता जा."

पत्र मी टाइप केलं. कचेरीतल्या सवयीने मी लिहिलं, 'कमानीची भेग मातीने बुजवण्यात आली.' काकाने चष्मा लावून वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"बुजवण्यात आली नाही. मी बुजवली. तसं लिही."

पुढे एका ठिकाणी 'धोक्याची कल्पना असावी' असं होतं. तेही त्याने खोडायला लावलं. "असावी काय? होती." दीड पानाच्या त्या पत्रासाठी चार संध्याकाळी गेल्या. शेवटी त्याने तीन प्रतींवर सह्या केल्या. एक कारखान्याच्या नव्या मालकांना, एक कामगार सुरक्षेच्या सरकारी कचेरीत, आणि एक शिडीला. शिडीची प्रत तो स्वतः देऊन आला. मुलीने दारातच घेतली, म्हणाला.

त्याच दिवसांत नवी शेगडी आकार घेत होती. मधल्या काळासाठी काकाने अर्धं कापलेलं लोखंडी पिंप आणून ठेवलं होतं. त्याच्यावर मासे एकीकडून करपायचे आणि दुसरीकडून कच्चे राहायचे. मी कामावरून आल्यावर भाजायचे आणि आई खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून मला शिव्या घालायची. तिला चालता यायला लागल्यावर ती काकाच्या शेडमध्ये जाऊन बसू लागली. तिने जुन्या शेगडीचे तुकडे पोत्यात भरून आणले होते.

"हे कुटून नव्या मातीत घालता येईल ना? तुम्ही जुन्या विटांचा चुरा घालता तसा?"

काकाने एक तुकडा उचलला, ओला करून वास घेतला. तिला काय हवंय ते त्याला कळत होतं. तरी तो म्हणाला, "नाही वहिनी. एकवीस वर्षांची चरबी आणि मीठ मुरलंय ह्यात. नवी माती नासेल. पुन्हा तडकेल."

"थोडासाही नाही?"

"थोडासाही नाही."

आईने मान हलवली. पोतं तिने परत नेलं नाही, आणि काय केलं म्हणून पुढे विचारलंही नाही. खाली बसून ती मातीच्या वळ्या वळू लागली. वळीवर वळी चढवत, थापीने ठोकत काका भिंत वर नेत होता. दर चार वळ्यांनंतर एक दिवस थांबायचं. पूर्ण झाल्यावर ओल्या गोणपाटाखाली महिनाभर सावलीत वाळवायची, म्हणजे बाहेरून सुकून आतून ओली राहत नाही. मग पक्की भाजायची. आईने घाई केली नाही. "ह्यांना एवढं थांबता आलं नसतं," एवढंच एकदा म्हणाली, आणि तिला हसू आलं. वडील गेल्यापासून त्यांच्याबद्दल बोलताना ती पहिल्यांदाच हसली.

नवी शेगडी दुकानात आली तेव्हा काकाने तीन दिवस तिच्यात नुसते हलके जाळ केले. पहिल्या दिवशी मूठभर कोळसा, दुसऱ्या दिवशी दुप्पट. झाकणावर हात ठेवून तो उभा राहायचा. चौथ्या दिवशी त्याने हात काढला आणि आईला म्हणाला, "आता तुम्ही बघा." तिने मासे ठेवले. पहिले करपले. नव्या भिंती किती उष्णता धरतात ते तिच्या हाताला ठाऊक नव्हतं. आठवड्याने अंदाज आला.

कारखान्याच्या नव्या मालकांकडून फक्त पोच आली. सरकारी कचेरीने मात्र चार महिन्यांनी काकाला आणि शिडीला एकाच दिवशी बोलावलं. मीही गेले होते. इंजिनिअर दरम्यान वारला होता. व्हरांड्यात एकच बाक होता. दोघं त्याच्या दोन टोकांना दोन तास बसले, मध्ये मी आणि माझी पिशवी. शिडीने एकदाच तोंड उघडलं, किती वाजले ते विचारायला. काकाने सांगितलं. आत बोलावल्यावर काकाने पत्रात होतं तेच शब्दाला शब्द सांगितलं. वहीतली नोंद खोटी होती का, असं अधिकाऱ्याने विचारलं. काका म्हणाला, "खोटी होती." त्याच्यावर खटला होईल म्हणून आम्ही घाबरलो होतो. तसा तो झाला नाही. ताकीद आली आणि कुठल्याही कारखान्याच्या भट्टीला हात लावायचा नाही असा लेखी हुकूम आला. तो त्याने नीट घडी करून ठेवला.

शिडीच्या मुलीने निकालाची प्रत आमच्या दुकानात आणून दिली. ती बसली नाही. "बाबांनी द्यायला सांगितली," म्हणाली आणि गेली. मी ती काकाकडे नेली. त्याचे हात मातीने भरले होते, म्हणून मीच वाचून दाखवली. अपघातात कामगाराची कोणतीही चूक आढळून येत नाही; आधीचा शेरा रद्द करण्यात येत आहे.

"नाव लिहिलंय त्याचं? पूर्ण?"

"लिहिलंय. बापाच्या नावासकट."

काकाने ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "बरं," आणि गोणपाट भिजवायला बादली घेऊन नळाकडे गेला.