दुधातली अँटिबॉडी

प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये खायचं-प्यायचं काही दिसलं तर सरळ फेकून द्या, असं मी मावशींना सांगून ठेवलं होतं. मावशी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत साफसफाई बघतात. सांगितलेलं त्या विसरत नाहीत. एका सकाळी त्यांना फ्रिजमधल्या डबीत शिळं दूध दिसलं. त्यांनी ओतून दिलं.

त्या दुधात आमची अँटिबॉडी होती.

ही अँटिबॉडी एकाच प्रथिनाला चिकटते. ते प्रथिन एरवी पेशीतल्या मायटोकाँड्रियात बंद असतं. तिथून बाहेर सांडलं की पेशीचं मरण सुरू झालं असं समजायचं. माझी एक विद्यार्थिनी मांडवी बंदरावरची, घरची बोट असलेली. बोटींचं डिझेल पाण्यात उतरतं त्यानं खाडीतल्या माशांच्या कल्ल्यांचं काय होतं, हे ती पाहत होती. अँटिबॉडी महाग, म्हणून दुधाच्या पावडरीच्या पातळ पाण्यात कालवून तेच पाणी आम्ही पुन्हा पुन्हा वापरतो. तिचा शेवटचा प्रयोग राहिला होता. सोमवारी तिला लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत रुजू व्हायचं होतं आणि नवी अँटिबॉडी यायला महिना तरी लागला असता. म्हणजे एमएस्सीचं सगळं काम अर्धवट.

"कुणी टाकलं?" मी विचारलं.

"मीच, मॅडम," पोरगी म्हणाली. "चुकून."

डबी लख्ख घासून फडक्यावर पालथी घातलेली होती. या मुलीनं आजवर एक भांडं पालथं घातलेलं मी पाहिलं नव्हतं. सिंकमध्ये टाकायचं आणि निघायचं. मावशी दारात पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. मी फ्रिज उघडला.

अँटिबॉडीची मूळ कुपी संपली होती, पण मी रिकाम्या कुप्या लगेच टाकत नाही. झाकणाला, कडांना थोडं लागलेलं असतंच. कुपी यंत्रात गरगर फिरवून सगळं तळाला आणलं. मग थोडं बफर, म्हणजे क्षारांचं पाणी, घालून विसळली, कालवण संपल्यावर पातेलं विसळतात तशी. एवढ्याशा थेंबांत भागावं म्हणून, माशांच्या कल्ल्यांतली प्रथिनं ज्यावर उतरवली होती तो कागदासारखा पडदाही कापून चिंचोळा केला. पोरगी बाजूला श्वास रोखून उभी.

"श्वास घे," मी म्हटलं. "तुला काही ती चिकटायची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र आलं. स्वच्छ पाण्यातल्या माशांच्या रांगेत काही नाही. डिझेलच्या पाण्यातल्या माशांच्या रांगेत एक पुसट, पण सरळ पट्टी. प्रथिन बाहेर सांडलं होतं. आम्ही दोघी हसलो.

मावशी आत आल्या. "काय झालं?"

"पेशी मरायला लागल्यायत, मावशी!" पोरगी म्हणाली.

"आनि तुमी दोगी हसताव?" मग तिचा हात धरून हळूच म्हणाल्या, "गो बाय, कालपास्नं माज्या घशाखाली घास उतरला नाय."

मी ते ऐकलंच नाही. मार्कर घेऊन डबीवर मोठ्या अक्षरात लिहिलं : हे दूध नाही.

शनिवारी पोरगी निरोप घ्यायला आली. आम्ही चहा घेतला. माझं लक्ष नाही असं पाहून ती उठली, ती रिकामी डबी मावशींसारखी लख्ख घासली आणि फडक्यावर पालथी घातली.