सरहद्दीवर स्वतःहून थांबणारा माणूस

उद्या जगातल्या सगळ्या देशांनी आपापल्या सरहद्दी पुसून टाकायचं ठरवलं, तर बाकीचे लोक रस्त्यावर येऊन नाचतील आणि आमचे शेजारचे डॉक्टरकाका तेवढे घरात बसून निषेधाचं पत्र लिहितील. नियम पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. इंग्लंडमध्ये ती रांगेनेच भेटतात. पण नियमाची वाट बघणारा, वाटेत तो भेटला नाही तर हिरमुसणारा माणूस मी एकच पाहिला. काका मूळचे कऱ्हाडचे. साउथहॅम्प्टनला येऊन त्यांनी हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल दिली, निवृत्त झाले, आणि काकू गेल्यापासून गुळ्या नावाच्या, गुळाच्या ढेपेसारख्याच दिसणाऱ्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरबरोबर राहू लागले. आमची पहिली भेट भांडणाने व्हायची होती. त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये एक पांढरी कॅरव्हॅन उभी असते, आणि तिच्यामुळे माझ्या किचनमध्ये ऊन येत नाही. मी नागपूरची. इथे वर्षाकाठी जे काही चार दिवस ऊन पडतं, त्यावर माझा हक्क आहे असं मी मानते. तावातावाने गेले, आणि दोन तासांनी परत आले ती कुत्र्याला फ्रान्सला नेण्यासाठी कोणकोणते कागद लागतात हे तोंडपाठ करून. उन्हाचा विषय निघालाच नाही.

कॅरव्हॅनची कथा अशी, की काकांची एकुलती एक मुलगी रेवा नॉर्मंडीत राहते. तिने ल्यूक नावाच्या सुताराशी लग्न केलं, बंदरापासून तासाभरावरच्या खेड्यात दगडी घर घेतलं. काकांना जावई पसंत, घर पसंत, फ्रेंच पावसुद्धा पसंत. अडचण एवढीच, की काकांच्या घराण्यात लेकीच्या घरी मुक्काम करत नाहीत. त्यांचे आजोबा आत्याच्या गावी जायचे ते पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन, आणि दिवस मावळायच्या आत परत. आता समुद्र ओलांडून दिवस मावळायच्या आत परत येणं काही जमण्यासारखं नाही. तेव्हा काकांनी तोड काढली, की आपणच आपलं घर ओढून न्यायचं. वर्षातून दोनदा ते कॅरव्हॅन गाडीला जोडतात, बोटीत चढवतात आणि लेकीच्या अंगणात उभी करून आठवडाभर तिच्यात राहतात. स्वयंपाक आपला, अंथरूण आपलं, आणि पाणीही आपलं. पहिल्या वर्षी त्यांनी कॅरव्हॅनची टाकी साउथहॅम्प्टनच्या नळावर काठोकाठ भरली होती. मग वजनाचा नियम वाचनात आला आणि प्रकरण पाच लिटरच्या कॅनवर आलं. "अहो काका, आजच्या काळात कोण मानतं हे?" असं मी एकदा विचारलं. "मी कुठे मानतो?" ते म्हणाले. "पण मोडायचं म्हटलं तर काहीतरी कारण लागतं ना गं."

स्वतःचं अन्न बरोबर न्यायचं म्हटलं की सरहद्दीवरचे खाण्यापिण्याचे नियम आले, आणि तिथे काकांच्या प्रतिभेला खरा बहर येतो. दूध नेता येत नाही, म्हणून दही नाही, म्हणून तूप नाही. निघायच्या आदल्या दिवशी ते तुपाची बरणी माझ्याकडे आणून देतात आणि "जप हं" म्हणतात, जणू काही मी पाळणाघर चालवते. बेसनाचा लाडू मिठाईत मोडतो की दुग्धजन्य पदार्थांत, हे विचारायला त्यांनी दोन्ही देशांच्या सरकारांना ईमेल लिहिली होती, लाडवाच्या फोटोसकट. एका सरकारने उत्तर दिलं नाही आणि दुसऱ्याने जे पान वाचून प्रश्न पडला होता त्याच पानाची लिंक पाठवली. लाडू आम्ही खाल्ले. फळांमध्ये केळं आणि नारळ तेवढे बिनकागदाचे जाऊ शकतात असं कळलं, तेव्हा ते पाच मिनिटांत माझ्या दारात. "अगं, युरोपने आपला अर्धा सत्यनारायण पास केला! पंचामृत तेवढं अडलंय." पानं न्यायला बंदी आहे म्हणून चिवड्यातला तळलेला कढीपत्ता ते भिंगातून बघून चिमट्याने वेचून काढतात. त्या चिमट्याने त्यांनी आयुष्यात काय काय केलं असेल हा विचार मी मनात येऊ देत नाही. कॅरव्हॅनच्या चाकांना इंग्लंडची माती राहू नये म्हणून ते जुन्या टूथब्रशने चाकं घासतात. गुळ्याचे पंजेसुद्धा. गुळ्या या वेळी असा काही चेहरा करतो, की पुढच्या जन्मी मांजर झालेलं बरं.

इतकं सगळं केल्यावर पलीकडे कुणीतरी तपासावं, ही त्यांची माफक अपेक्षा असते. आणि तपासत कुणीच नाही! गुळ्याचे कागद बघतात, मानेच्या कातडीखालची चिप वाचतात आणि हात हलवून जा म्हणतात. एकदा काकांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि त्या फ्रेंच अधिकाऱ्याला कॅरव्हॅनचं दार उघडून दाखवलं. तांदूळ, तूरडाळ, साबुदाणा, गोडा मसाला, प्रत्येक डब्यावर इंग्रजी आणि फ्रेंच चिठ्ठी. अधिकारी पोरसवदा होता. त्याने मान आत घातली, मसाल्याच्या वासाने दोनदा शिंकला आणि "बोन व्हाकाँस" म्हणून निघून गेला. "सुट्टी चांगली जावो म्हणाला," काका मला नंतर सांगत होते. "अगं, डाळीची पिशवी तरी उघडून बघायची!"

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांचा खांदा दुखत होता, आणि रेवाचा मला फोन आला. "ताई, बाबाला एकटा ड्राइव्ह करायला नको देऊ. प्लीज. तू ये ना, माझा घर खूप मोठी आहे." रेवा साउथहॅम्प्टनमध्ये जन्मली. तिच्या मराठीत कोण पुल्लिंगी आणि कोण स्त्रीलिंगी हे त्या त्या दिवशीच्या हवेवर ठरतं, पण माया तिला बरोबर बोलता येते. मी आठवड्याची सुट्टी टाकली. नवऱ्याने विचारलं, "तू का?" म्हटलं, त्या माणसाला तपासायला कुणीतरी हवं.

रविवारी पोचलो. मी रेवाच्या घरात, काका अंगणातल्या कॅरव्हॅनमध्ये. ते अंतर मोजून वीस पावलं असेल. रोज सकाळी रेवा कॉफीचा मग घेऊन कॅरव्हॅनच्या पायरीवर येऊन बसायची आणि काका आत स्वतःचा चहा करून दाराशी स्टुलावर बसायचे. बाप आणि लेक, मध्ये उंबरा. ती ल्यूकच्या कामाचं सांगायची, ते तिला पावसाचं विचारायचे. वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीशेजारी, एक खोली होती: पलंग, वाचायचा दिवा, उशाशी मराठी पुस्तकं, खिडकीतून सफरचंदाची बाग. चार वर्षांपासून ती खोली तयार होती आणि दर दोन महिन्यांनी रेवा तिथल्या चादरी धुऊन पुन्हा घालत होती. गुळ्याला मात्र घराण्याच्या चालीरीतींशी काही देणंघेणं नव्हतं. तो पहिल्याच दिवशी घरात शिरला आणि ल्यूकच्या सोफ्यावर जो पसरला तो उठेचना. काका अंगणातून खिडकीतून त्याच्याकडे बघायचे. मला तेव्हा वाटायचं, कुत्र्यावर लक्ष ठेवतायत.

शनिवारी दुपारची बोट. काकांचा हिशोब असा, की सामान बरोबर तेवढंच न्यायचं जेवढे दिवस राहायचं. शनिवारी सकाळी शेवटचे पोहे संपले, डबे धुऊन पालथे घातले, पाण्याचा कॅन रिकामा. निरोप झाला. रेवा हसत होती, आणि डोळ्यांतलं पाणी सांडू नये म्हणून तिने एकदाही पापणी मिटली नाही. बंदरावर खिडकीतल्या बाईने गुळ्याची चिप वाचली, कागद उलटला आणि थांबली. इंग्लंडमध्ये शिरायच्या आधी कुत्र्याला जंताची गोळी द्यावी लागते, तिथल्या व्हेटने, आणि वेळ लिहून. पोचण्याआधी निदान चोवीस तास, जास्तीत जास्त एकशेवीस. गुळ्याला गोळी दिली होती सोमवारी सकाळी दहा वाजता. मुदत आज सकाळी दहालाच संपली होती.

मी काकांकडे बघत राहिले. हा माणूस एकशेवीस तासांचा नियम झोपेत म्हणून दाखवू शकतो. मला स्वतःला त्यांनी तो पहिल्याच भेटीत शिकवला होता.

"काका, हे कसं झालं?"

"अरेच्चा," काका म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नाही बघ."

"आता?"

"आता पुन्हा गोळी. मग चोवीस तास. आज दुपारी व्हेट बंद, उद्या रविवार. म्हणजे सोमवारी गोळी आणि मंगळवारी बोट." एवढं त्यांनी बोटांवर न मोजता, एका दमात सांगितलं. "इलाज नाही. नियम आहे."

मी ऑफिसातल्या साहेबांना घरी फोन लावून दोन दिवसांची सुट्टी मागितली आणि कारण म्हणून कुत्र्याचे जंत सांगितले, हा अपमान मी अजून विसरलेले नाही. चिडले होते. पण परतीच्या रस्त्यावर काका शीळ घालत होते. चाळीस वर्षांत हॉस्पिटलातल्या कुणी त्यांची शीळ ऐकली असेल असं मला वाटत नाही.

रेवा फाटकाशीच उभी होती. काका उतरले आणि अपराध्यासारखे म्हणाले, "डबे सगळे रिकामे झालेत गं. पाणीही नाही."

"मग आत ये ना, बाबा," ती म्हणाली.

आणि ते आत गेले. त्या तीन दिवसांत काका लेकीच्या टेबलावर जेवले. तिने केलेली खिचडी खाली लागली होती, ती त्यांनी दोनदा मागून घेतली. ल्यूकला त्यांनी भात कुकरमध्ये किती शिट्ट्यांनी होतो ते शिकवलं. रात्री वरच्या खोलीत झोपले आणि सकाळी नऊपर्यंत उठले नाहीत. रेवा दोनदा दाराशी जाऊन कान लावून आली. सोमवारी भांडी घासताना ती हळूच मला म्हणाली, "ताई, तुला एक सांगू? गोळीचा अपॉइंटमेंट आधी गुरुवारी होती. बाबाने फोन करून सोमवार केला. क्लिनिकमधल्या बाईने मला सांगितलं होतं. मी काहीच नाही बोलली." तिचे हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले. मला माझ्या वडिलांची आठवण इतक्या जोरात आली, की मी हातातलं ताट उगाच तीनदा पुसलं.

मंगळवारी बोटीवर मी काकांना विचारणार होते. डेकवर वारा होता, ते कठड्याला धरून फ्रान्सकडे तोंड करून उभे होते. मग नाही विचारलं. काही प्रश्न विचारले तर माणसाकडून त्याचं एवढंसं सुख काढून घेतल्यासारखं होतं.

या फेब्रुवारीत गुळ्या गेला. वय झालं होतं. काकांनी त्याची चिप रजिस्टरमधून रीतसर काढवून घेतली, फॉर्मची प्रत फाइलला लावली, आणि मग दोन आठवडे बाहेर दिसले नाहीत. एप्रिलमध्ये ते एकटेच फ्रान्सला गेले. कॅरव्हॅन, डबे, पाच लिटरचा कॅन. सात दिवस राहिले, आठव्या दिवशी ठरल्या वेळी परत. अडवलं कुणीच नाही. अडवण्यासारखं बरोबर काही नव्हतंच.

त्या संध्याकाळी रेवाचा फोन आला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत राहिली आणि मग म्हणाली, "ताई, मी त्याला थांब म्हणाली. तो म्हणाला, कशाला? आणि मला काही रूलच नाही सुचली."

मी फोन ठेवला आणि काकांकडे गेले. तुपाची बरणी परत द्यायची होती. ते टेबलाशी बसले होते, समोर लॅपटॉप, नाकावर चष्मा. पडद्यावर तेच सरकारी पान होतं, पण हा भाग मी आधी पाहिलेला नव्हता.

"बस," काका म्हणाले. "हे बघ. पिल्लू बारा आठवड्यांचं होईपर्यंत रेबीजची लस देत नाहीत. मग पुढे तीन आठवडे थांबायचं. म्हणजे तिकडे घेतलेलं पिल्लू पंधरा आठवड्यांच्या आत सरहद्द ओलांडून इकडे आणता येत नाही."

"पिल्लू घ्यायचंय का, काका?"

"छे गं. या वयात?" त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पान थोडं वर सरकवलं. "नुसतं वाचतोय."

मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, मला ऐकू येणार नाही अशा बेताने, ते आठवडे मोजू लागले.