पांढऱ्या घोड्याचं काय झालं

सांगलीहून निघताना आईनं दशम्यांचा डबा हातात दिला आणि बजावलं, "अण्णा-अक्काच्या भांडणात तू पडू नकोस." मी तर पडायलाच चालले होते! अण्णा म्हणजे माझे हुबळीचे मामा, कापडाचे व्यापारी. अक्का त्यांची थोरली बहीण, माझी धारवाडची मावशी. दोघंही पंचाहत्तरीला टेकलेले, आणि सहा महिने एकमेकांशी अबोला. कारण काय, तर एक घोडा. आईलाही मी चल म्हटलं होतं. पण बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, ती घर सोडेना. बाबा गेले तेव्हा तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, आणि सगळे नातेवाईक "फार धीराची हो" म्हणून तिचं कौतुक करत होते.

घोड्याची हकीकत अशी. या दोघांच्या लहानपणी हुबळीत तंबूत मुका सिनेमा आला होता. अमेरिकेतला, रुंद टोप्यांचे घोडेस्वार आणि पिस्तुलं असलेला. नाव कुणालाच आठवत नाही. आमच्याकडे तो 'पांढऱ्या घोड्याचा खेळ'. पडद्याशेजारी एक सांगणारा उभा राहून मराठी-कानडीत गोष्ट सांगायचा. अण्णा वडिलांबरोबर पुरुषांच्या खेळाला गेले आणि अक्का गंगूआत्याबरोबर दुपारच्या, खास बायकांच्या खेळाला. गंगूआत्या माझ्या आजोबांची बहीण. नवऱ्यानं टाकलेली, माहेरची चूल सांभाळणारी, घरात कधीही न रडलेली. त्या खेळात शेवटी घोडा मेला आणि ती जी रडायला लागली, ती घरी आल्यावरही थांबेना. तेव्हा नऊ वर्षांचे अण्णा पाटावरून ओरडले, "घोडा कुठं मेला? जगला की! आत्या खोटं रडते!" सगळं घर खो खो हसलं. आत्या पुन्हा कधी सिनेमाला गेली नाही.

ते हसणं अक्काला आयुष्यभर सलत राहिलं. सहा महिन्यांपूर्वी घरातल्या एका लग्नात पुन्हा तोच विषय निघाला, पुन्हा जुंपली, आणि बोलणंच तुटलं. अक्कानं मला फोन केला. "ते रीळ शोध बाई. घोडा मेला होता, एवढं त्याला एकदा दाखव. आत्यावरचा तो खोटेपणाचा डाग पुसू दे, मग मी सुटले."

पुण्यातल्या एका जाणकारांनी सांगितलं की असले बहुतेक मुके सिनेमे आता जगात कुठं शिल्लक नाहीत. मी म्हटलं, जगात नसतील, पण हुबळीत कुणी विचारलंय का?

सकाळी हुबळीला उतरले. अण्णा स्वतः स्टेशनवर. दुकानात नेऊन त्यांनी आधी गिरमिट (मसाला लावलेले चुरमुरे, वर बारीक शेव) आणि मिरचीभजी मागवली. एका भज्यात माझ्या डोळ्यांतून धार लागली. शेजारचे दुकानदार हसून म्हणाले, "सांगलीचा तिखटाचा दिमाख इथं चालायचा नाही, बाईसाहेब!" मी आणखी दोन मागवली. हार मानायची आपली रीत नाही.

"रीळ मिळालं तर बरंच की," अण्णा म्हणाले. "मी खोटं बोललो नव्हतो, हे तुझ्या मावशीला कळेल. डोळ्यांदेखत घोडा उभा होता बघ!"

त्या तंबूचं सामान तारिहाळच्या एका कारखानदारांच्या वडिलांनी भंगारात घेतलं होतं, एवढा पत्ता अण्णांनी बाजारातून काढून ठेवला होता. आम्ही बसनं निघालो आणि गप्पांच्या नादात दोन थांबे पुढं गेलो. भर उन्हात उलटं चालत आलो. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, लेथचा घरघराट, आणि मधेच एखादं कडुलिंबाचं झाड. अण्णा त्या प्रत्येक झाडाखाली थांबले.

"बर्री, कुंदर्री (या, बसा)," म्हणत कारखानदारांनी ताक दिलं आणि माळ्यावरून एक गंजका डबा उतरवला. झाकण हलेना, शेवटी छिन्नी लावली. आत रीळ नव्हतंच. तपकिरी भुकटी होती, आणि असा उग्र दर्प की मी तीन पावलं मागं सरले. भुकटीत एक लहानसा तुकडा उरला होता. उजेडाला धरला, तर त्यावर नुसतं आकाश.

अण्णांचा चेहरा पडला. माझाही पडला असता, पण कारखानदार म्हणाले, "सांगणाऱ्याचा मुलगा आहे की नवनगरात. रिटायर झालेले मास्तर. त्यांना विचारा." धारवाडच्या वाटेवरच तर नवनगर! मी अण्णांना पुन्हा बसमध्ये चढवलं.

मास्तर अंगणात गुलाबांना पाणी घालत होते. मी प्रश्न विचारताच त्यांनी झारी खाली ठेवली.

"शेवटचं रीळ हुबळीला आलंच नव्हतं," ते म्हणाले. "आधीच्या गावात जळलं. वडील सांगायचे ना आम्हांला! घोडेस्वार जखमी होऊन घोड्यावर पडतो, इथवरच चित्र. पुढं पडदा पांढरा. मग कंदील लावायचे, आणि वडील तोंडानं शेवट सांगायचे."

"मग घोडा जगला की मेला?" अण्णा उठून उभेच राहिले.

"पुरुषांच्या खेळात जगला. लोक त्याला हार घालायचे, तंबूत शिट्ट्याच शिट्ट्या. बायकांच्या खेळात मेला. रात्रभर चालून तो मालकाला घरी पोचवतो. सगळे मालकाकडं धावतात. घोड्याला पाणी मात्र कुणी विचारत नाही. तो दारातच मान टाकतो."

"पण असं दोन तऱ्हेचं का?" मी विचारलं.

"आम्हीही हेच विचारायचो. वडील म्हणायचे, पुरुषांना जिंकून घरी जायचं असतं. पण बायकांना घरात रडायला जागा कुठं असते? माझ्या तंबूत तरी रडू देत."

अण्णा परत बसले. धारवाडच्या बसमध्ये या वेळी तेच आधी चढले. मी खिडकीतून बाहेर बघत मनात वाक्यं जुळवत होते: दोघंही खरे, भांडण मिटवा, वगैरे.

सप्तापुरात अक्काचं घर विद्यापीठाच्या बाजूला. वरच्या खोल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या. अण्णांना दारात बघून ती मला म्हणाली, "याला कशाला आणलंस?" पण लगेच आत जाऊन तिनं पानं मांडली. जोळद रोट्टी (ज्वारीची पातळ भाकरी), एण्णगाई (भरली वांगी), शेंगाचटणी. अण्णांनी पहिला घास हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

"अक्का, रीळ माती झालं. घोडा पडद्यावर जगला नव्हता, मेलाही नव्हता. आम्हांला एक सांगितलं, तुम्हांला दुसरं." मास्तरांचे शब्द त्यांनी जसेच्या तसे सांगितले. मग म्हणाले, "आत्या खोटं रडली नव्हती गं. मी हसवलं सगळ्यांना."

माझी जुळवलेली वाक्यं लागलीच नाहीत. अक्का आता काय बोलते म्हणून मी तिच्याकडं बघत होते. तिनं वाढायचं भांडं खाली ठेवलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "आत्याला रडायचंय, हे गावात एका माणसाला तरी कळलं होतं." पदरानं तिनं डोळे टिपले आणि अण्णांच्या पानात आणखी एक वांगं वाढलं. "जेव आता. थंड झाली तर कडक होते रोट्टी."

दुसऱ्या दिवशी दोघंही मला गाडीवर सोडायला आले. पेढे कोणत्या दुकानातून घ्यायचे यावरून फलाटावर त्यांची पुन्हा जुंपली. शेवटी मला दोन दुकानांचे दोन पुडे मिळाले. मला जाम आनंद झाला.

घरी पोचल्यावर आईनं पेढ्यांचे पुडे देवापुढं ठेवले आणि विचारलं, "मग काय? जगला की मेला घोडा?" हा सिनेमा येऊन गेल्यावर जन्मलेली ती, तिनं नुसतं भांडणच ऐकलेलं. गाडीत मी ठरवलं होतं की आल्याबरोबर सगळा उलगडा करायचा, अगदी मास्तरांसकट. पण पेढा हातात घेऊन ती समोर बसली होती, आणि माझ्या तोंडून गोष्टच सुरू झाली. रात्रभर चालणारा घोडा. घरी सुखरूप पोचलेला मालक. त्याच्याकडं धावलेली माणसं. "आणि घोड्याला," मी म्हटलं, "पाणी कुणी विचारलंच नाही."

आईनं पेढा खाली ठेवला. आधी नुसता तिचा खांदा हलला. मग ती रडली, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल अशी. मी उठून दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळ बसून राहिले.