गिटारीची कड वळवणाऱ्या मावशी

चिकलठाण्याला रस्त्याकडेला सुपं-टोपल्या विणणाऱ्या मावशींनी माझी गिटार वाचवली, हे आधी सांगतो.

मी दापोलीकडचा. नववीत शाळा सुटली आणि इथल्या कारखान्यात आलो. सुट्टीच्या दिवशी खोलीबाहेरच्या पत्र्याखाली गिटार बनवायचा नाद लागला. तिच्या कडेला लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या तापवून वळवाव्या लागतात. माझ्याकडे चार होत्या, त्यातल्या दोन मोडल्या. शाळेसारखंच हेही अर्धवट सुटणार, या धास्तीनं उरलेल्या दोन आणि गिटारीच्या आकाराचा साचा घामेजल्या हातांत घेऊन मी मावशींपुढं उभा राहिलो.

"एवढं मोठं सूप कुणाला रं?"

"गिटार आहे, मावशी."

"मंग घामानं कशाला भिजवतो? पाण्यानं भिजव की!"

त्यांनी पट्टी ओली करून शेगडीवर धरली. मध्येच शेजारणीला हाक मारली, गिऱ्हाइकाशी हुज्जत घातली, पण अंगठा पट्टीवरून हलला नाही.

"आता तिलाच वळायचंय बघ. आपण नुसतं संगं जायचं," त्या म्हणाल्या, आणि पट्टी अलगद साच्यात बसली.

दुसरी त्यांनी माझ्याच हातात दिली.

"मोडली तर?" मी विचारलं.

"मोडू दे. मी काय मास्तरीण हाय व्हय, छडी मारायला?"

मला हसू फुटलं. हात सैल पडले, आणि पट्टी वळली.

गिटार पुरी झाली की पहिल्यांदा त्यांच्या टोपल्यांशेजारी बसून वाजवणार आहे. त्यांच्या आवडीचं गाणं विचारून घेईन, आणि ते शेवटपर्यंत वाजवीन.