पाळीवर न चढलेली गाडी

हे मी अजून कोणालाच सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच — तिच्याच भावाची गोष्ट आहे. आज तुम्हाला सांगून राहिलो, मध्ये बोलू नका. बोललात तर पुन्हा गप्प बसेन.

माझ्याकडे एक ऑटोमॅटिक गाडी होती, सेकंडहँड घेतलेली. डोक्याला ताप नुसता! सकाळी थंड असली की शहाण्यासारखी चालायची. तापली, अन् पुढं चढ आला — संपलं. इंजिन बोंबलते, गाडी जागची हलत नाही. ॲक्सिलेटर दाबा, शिव्या द्या, काही करा! मेकॅनिक म्हणाला, गिअरबॉक्स खोलावा लागते. मी खोलला नाही. बंद करून थोडा वेळ थंड होऊ दिली की पुन्हा चालायची, म्हणून तसंच रेटत राहिलो. पण असं किती दिवस करणार? पार वैतागलो होतो.

घनश्याम, बायकोचा धाकटा भाऊ. डावा पाय लहानपणापासून अधू, क्लच दाबता येत नाही. त्याला ऑटोमॅटिकच पाहिजे होती. मी त्याला तिरोड्याला बोलावलं, धानाच्या बांध्यांमधल्या सपाट रस्त्यावर गाडी फिरवून दाखवली, अन् विकली. भल्या सकाळी. काऊन सकाळी? — ते तुम्हाला कळलंच असेल. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता कोणाच्या मागं बसून जायची गरज नव्हती त्याला.

गावच्या सपाट रस्त्यांवर महिनाभरात तो चांगला शिकला. दिवाळीनंतर त्याच्या गावची मंडई होती — मंडई म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, घरोघरी पाहुणे. दुपारभर त्यानंच पाहुणे आणले, मग आम्हाला घेऊन निघाला. मी बाजूला बसलो होतो. दुकानं तलावाच्या काठी, रस्ता पाळीवर, म्हणजे तलावाच्या उंच बांधावर, चढणारा. अर्ध्या चढावर इंजिन बोंबललं, गाडी थांबली, अन् मागं सरकायला लागली. त्यानं ब्रेक दाबला तोवर शिंगाडेवालीची टोपली चाकाखाली गेली होती. माणसं धावली. "लंगड्याले गाडी कोणं देली बे?" कोणीतरी ओरडलं. घनश्याम माझ्याकडं पाहत होता.

एकच वाक्य बोलायचं होतं मला. खोट गाडीत आहे, एवढंच! बोललो का? नाही. मी म्हणालो, "अबे, बराबर दाब ना! गाडीले काही नाही झालं."

एवढ्यावर तरी थांबायचं होतं. शिंगाडेवालीची समजूत काढण्यात वेळ गेला, तेवढ्यात गाडी थंड झाली. होणार हे मला माहीत होतं — त्याचीच वाट पाहत होतो मी. मग घनश्यामला उठवलं, स्वतः बसलो, आणि सगळ्या मंडईसमोर गाडी सरळ पाळीवर नेली. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसलो. हसलो, बाप्पा!

त्यानंतर त्यानं स्टेअरिंगला हात लावला नाही. गाडी अंगणात सडून भंगारात गेली. आता कुठं जायचं असलं की पुतण्याच्या मोटरसायकलवर मागं बसतो, हातानं पाय सावरत. दरवर्षी मंडईला मला आग्रहानं बोलावतो, वाढताना एकदा तरी म्हणतोच, "भाऊजी, तुमची चांगली गाडी माह्या हातानं खराब झाली."

यंदाही म्हणाला. अन् मी म्हटलं, "जाऊ दे, होते असं."